डॉ. भाऊ दाजी लाड : चरित्र व बोध

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे असा प्रघात आहे, आणि तो उचितही आहे. यंदा विषयाची निवड संपादक मंडळाने आमच्यावर सोपविली, तेव्हा आम्ही मुंबईचे कै. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे चरित्र निवडले. भाऊ दाजी आपल्या ज्ञातीचे नव्हेत आणि आपल्या धाराशिव जिल्ह्याचेही नव्हेत. त्यांचा जन्म गोव्यातला व कर्मभूमी मुंबई. मग त्यांचेच चरित्र कशासाठी, अशी पृच्छा काही बांधव करतील. त्याचे उत्तर असे की, आपल्या कुटुंबांतील मुलेमुली आज वैद्यकाकडे जात आहेत, वाणिज्य व अर्थव्यवहाराकडे जात आहेत, कोणी प्रवास व पर्यटनाचे शिक्षण घेत आहेत, आणि त्यांपैकी काही संशोधनाचीही आकांक्षा बाळगून आहेत. भाऊ दाजींनी दीडशे वर्षांपूर्वी याच तिन्ही प्रांतांत पाऊल टाकले होते. ते वैद्य होते, प्राचीन लेणी व शिलालेख यांचे शोधक होते, आणि द्रव्याच्या बाजारातही ते उतरले होते. पुरुष एक, बुद्धी एक, उद्योगही तोच; परंतु तिन्ही ठिकाणी फळ मात्र निरनिराळे आले. ते तसे का आले, याचा विचार आमच्या वाचकांनी करावा, हाच या लेखाचा हेतू होय.

बालपण व विद्याभ्यास

भाऊ दाजींचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म इ. स. १८२२ मध्ये गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे भागात झाला. घरची स्थिती बेताची होती. उदरनिर्वाहासाठी कुटुंब मुंबईस आले. लहानगा भाऊ बुद्धिबळात मोठा तरबेज होता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थास त्याच्या बुद्धीचे कौतुक वाटले व त्याने या मुलास इंग्रजी शिक्षण द्यावे असा आग्रह वडिलांस केला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. गरिबाघरच्या मुलाची बुद्धी कोणाच्या तरी दृष्टीस पडणे आणि त्याने ती वाया जाऊ न देणे, या एवढ्याशा गोष्टीवर एकेका पिढीचे भवितव्य अवलंबून असते, हे आम्ही शिक्षकांनी आयुष्यभर पाहिले आहे.

एल्फिन्स्टन संस्थेत भाऊ दाजींचे शिक्षण झाले व पुढे तेथेच त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. म्हणजे आमच्या व्यवसायाशीही त्यांचे नाते आहे. याच सुमारास काठेवाड व कच्छ या प्रांतांत चालणाऱ्या बालकन्याहत्येच्या दुष्ट चालीवर सरकारने निबंध मागविले होते. त्यात भाऊ दाजींच्या निबंधास पारितोषिक मिळाले. एखाद्या अनिष्ट रूढीवर नुसता संताप व्यक्त न करता तिची कारणे शोधावी व पुरावे मांडून लिहावे, ही त्यांची वृत्ती त्या वयातही दिसून येते.

इ. स. १८४५ मध्ये मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले. भाऊ दाजींनी शिक्षकाची जागा सोडून तेथे नाव घातले आणि इ. स. १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश झाला. प्रेताचे विच्छेदन करणे हे त्या काळी उच्चवर्णीय हिंदू घरांत महापातक समजले जाई. त्या स्थितीत हा मार्ग धरावयास किती धैर्य लागले असेल, याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यास येणे कठीण आहे. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले व ज्येष्ठ बंधूंच्या कार्यात त्यांनी मोठा हातभार लावला.

वैद्य व लोकसेवक

मुंबईत भाऊ दाजींचा वैद्यकीचा जम अल्पावधीत बसला. द्रव्य व कीर्ती ही दोन्ही चालून आली. गोरगरिबांस ते विनामूल्य औषध देत. पाश्चात्य वैद्यक शिकूनही त्यांनी आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांकडे पाठ फिरविली नाही. संस्कृतातील वैद्यकवाङ्मय मुळातून वाचावे, त्यात वर्णिलेल्या वनस्पती मिळवाव्या आणि त्यांचा गुण खरोखर येतो की नाही हे रोग्यांवर पडताळून पाहावे, असा त्यांचा क्रम असे. प्राचीन म्हणून डोळे मिटून स्वीकार नाही आणि देशी म्हणून धिक्कारही नाही, अशी ही मध्यम दृष्टी होती.

सार्वजनिक कामांत तर त्यांनी हात घातला नाही असे क्षेत्र विरळा. इ. स. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशन या संस्थेचे ते एक चिटणीस होते. विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्र सभेचे ते पहिले हिंदी अध्यक्ष झाले. मुलींच्या शिक्षणाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला व त्यांच्या नावाने मुलींची शाळाही निघाली. इ. स. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या आरंभीच्या सदस्यांत त्यांचे नाव आहे. इ. स. १८६९ व १८७१ अशी दोन वेळा त्यांची मुंबईच्या शेरीफपदी नेमणूक झाली. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय उभारण्यात ना. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. जॉर्ज बर्डवुड व डॉ. भाऊ दाजी यांनी अपार खटपट केली. त्या इमारतीचा पाया इ. स. १८६२ मध्ये घातला गेला व संग्रहालय इ. स. १८७२ मध्ये लोकांस खुले झाले. इ. स. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याच नावाने ओळखले जाते. मुंबईस जाणाऱ्या आमच्या बांधवांनी ते मुलांस अवश्य दाखवावे.

शिलालेखांचा शोध

वैद्यकीत दिवस घालवून उरलेल्या वेळात भाऊ दाजींनी जे संशोधन केले, ते पाहून मन थक्क होते. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत त्यांनी एकामागून एक निबंध वाचले व ते तिच्या नियतकालिकात छापले गेले. जुनागडच्या खडकावरील लेख, लेण्यांतील व नाण्यांवरील प्राचीन अंक, कालिदासाचा काळ, हेमचंद्र, माधव व सायण असे त्यांचे विषय होते. आर्यभट या नावाचे दोन ज्योतिषी होऊन गेले व लोक त्यांची गल्लत करीत. भाऊ दाजींनी आर्यभटीय ग्रंथाच्या दुर्मिळ प्रती मिळविल्या व पहिल्या आर्यभटाचा काळ निश्चित करून दाखविला. कलियुगाची ३६०० वर्षे लोटली तेव्हा आपले वय २३ वर्षांचे होते, अशी नोंद त्या ज्योतिष्याने स्वतःच करून ठेवली आहे. त्यावरून त्याचे जन्मवर्ष इ. स. ४७६ येते. चाळीसगावनजीक पाटणे येथील शिलालेखही त्यांनीच उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे त्यावरून जगास कळले.

अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांवरील त्यांचा निबंध विशेष प्रसिद्ध आहे. ही लेणी इ. स. १८१९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली होती व चित्रे पाहून लोक विस्मित होत होते. परंतु ती कोणी कोरविली, कोणत्या राजाच्या काळी कोरविली, हे सांगणारे लेख भिंतींवर असूनही बहुतेक मुकेच होते. भाऊ दाजींनी त्यांच्या नकला घेऊन इ. स. १८६३ च्या सुमारास त्यांचे वाचन प्रसिद्ध केले, आणि सोळाव्या लेण्यातील वाकाटक राजांची वंशावळ विद्वानांपुढे आली. आज अजिंठा जागतिक वारसा म्हणून मान्यता पावला आहे व देशोदेशीचे प्रवासी तेथे येतात. मार्गदर्शक त्यांस हरिषेण राजाचे व त्याचा अमात्य वराहदेव याचे नाव सांगतो. त्या नावामागे या वाचनाचे श्रम आहेत, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

या कामात त्यांस जुनागडचे एक तरुण विद्वान लाभले. पंडित भगवानलाल इंद्रजी हे त्यांचे नाव. भाऊ दाजींनी त्यांस मुंबईस बोलावून घेतले. रोग्यांस सोडून दूरचा प्रवास करणे डॉक्टरांस सदैव शक्य नव्हते. तेव्हा हिंदुस्थानभर हिंडून, डोंगर चढून, अंधाऱ्या लेण्यांत दिवा धरून लेखांचे ठसे घेण्याचे काम भगवानलालांनी केले. डॉक्टरांच्या निबंधांमागे या पंडिताचे कष्ट आहेत, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. भगवानलालांस इंग्रजी विद्यालयाचे शिक्षण नव्हते, तरी पुढे हॉलंडमधील लायडेन विद्यापीठाने त्यांस सन्मानाची डॉक्टर पदवी दिली.

आता महत्त्वाची गोष्ट सांगतो. भाऊ दाजींचे सर्वच निष्कर्ष टिकले असे नाही. कालिदास व काश्मीरचा राजा मातृगुप्त हे एकच, असे त्यांचे मत होते. पुढील विद्वानांनी ते मान्य केले नाही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखाचे त्यांचे वाचन भगवानलालांनी व डॉ. ब्यूलर यांनी सुधारले. इ. स. १९३९ मध्ये वाशीम येथे वाकाटकांचा ताम्रपट सापडला, आणि त्याच्या प्रकाशात म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी इ. स. १९४१ मध्ये तो लेख पुन्हा वाचून सर्वसेन राजाचे नाव निश्चित केले. मग भाऊ दाजींचे श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. त्यांनी अक्षरे कशी वाचली हे छापून ठेवले होते, म्हणूनच पुढच्यांस चूक कोठे झाली ते दाखविता आले. ऐंशी वर्षांनंतरचा विद्वानही त्यांच्याच पायरीवर पाय ठेवून वर चढला.

शेअर बाजाराचा फटका

आता त्याच पुरुषाची दुसरी बाजू पाहू. इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले व तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला. मागणी हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली, भाव गगनास भिडले व मुंबईत सोन्यारुप्याचा पूर लोटला. एवढे द्रव्य गुंतवावे कोठे? रोज नव्या पेढ्या व नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. कंपनीने जमीन किती केली, नफा किती झाला, हे कोणी विचारीना. काल भाव वाढला म्हणून आज घ्यावयाचा व उद्या आणखी वाढेल म्हणून कर्ज काढून घ्यावयाचा, असा प्रकार झाला. पेढ्या त्याच शेअरांच्या तारणावर पैसे देत आणि त्याच पैशांनी पुन्हा शेअर घेतले जात.

इ. स. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपल्याची वार्ता आली. कापूस घसरला. १ जुलै १८६५ हा मोठ्या वायद्यांचा दिवस होता. त्या दिवशी देणे देण्यास कोणाजवळ पैसा नव्हता. घरेच्या घरे बुडाली. बँक ऑफ बाँबेचा शेअर २,८५० रुपयांवर चढला होता, तो ८७ रुपयांवर आला, व ती बँक पुढे इ. स. १८६८ मध्ये बंद करावी लागली. या लाटेत भाऊ दाजींची वैद्यकीत मिळविलेली संपत्तीही वाहून गेली.

ज्या पुरुषाने एका अक्षराच्या वळणावरून राजाचे नाव ठरविताना दहा वेळा पडताळा पाहिला, त्याने कंपन्यांच्या कागदांचा तसा पडताळा पाहिला नाही. आम्ही हे दूषण देण्याच्या बुद्धीने लिहीत नाही. त्या वेळी सारे शहरच त्या नादी लागले होते, व त्यात त्यांच्याहून मुरलेले व्यापारीही होते. परंतु एका शास्त्रातील सावधपणा दुसऱ्या व्यवहारात आपोआप येत नाही, तो तेथे पुन्हा नव्याने शिकावा लागतो, हे मात्र यावरून स्पष्ट होते. या आघातानंतरही त्यांनी वैद्यकी व संशोधन सोडले नाही, आणि दोन्ही वेळचे शेरीफपद त्यानंतरचेच आहे, हे त्यांच्या मनोधैर्याचे गमक होय.

कुष्ठरोगावरील औषध

तिसरी गोष्ट वैद्यकातील. महारोगाने पीडित अशा लोकांची त्या काळी जी दैना होती, तिचे वर्णन करवत नाही. घरचे त्यांस टाकून देत व वैद्य हात टेकीत. भाऊ दाजींनी प्राचीन ग्रंथ धुंडाळून एक वनस्पतिजन्य उपचार सुरू केला. रोगी येऊ लागले व अनेकांस उतार पडल्याचे बोलले जाऊ लागले. कडू कवठीच्या बियांच्या तेलाचा या उपचारात मुख्य भाग असावा, असे पुढे मानले गेले. याच जातीच्या वनस्पतींचे तेल पुढे जगभर या रोगावर वापरले गेले, म्हणजे त्यांची दिशा अगदीच चुकीची नव्हती.

परंतु या औषधाचे नाव व कृती भाऊ दाजींनी बराच काळ जाहीर केली नाही. त्यावरून वैद्यकवर्गात व वृत्तपत्रांत टीका झाली. त्यांचा हेतू द्रव्यलोभाचा होता असे म्हणण्यास आम्ही तयार नाही, कारण गरिबांस फुकट औषध देणारा हा पुरुष होता. पण परिणाम काय झाला ते पाहावे. दुसऱ्या वैद्यांस तो उपचार करून पाहता आला नाही. किती रोग्यांस दिला, किती दिवस दिला, कोणास गुण आला व कोणास नाही, याचा पडताळा चारचौघांस घेता आला नाही. इ. स. १८७३ मध्ये नॉर्वेतील हॅन्सन या डॉक्टराने कुष्ठरोगाचे जंतू शोधले आणि आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. ते आज प्रत्येक वैद्यकीय पुस्तकात आहे. पुढे इ. स. १९४० नंतर नवी औषधे आली, इ. स. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्र उपचार सुचविला, आणि आज सरकारी दवाखान्यात तो विनामूल्य मिळून रोग पूर्ण बरा होतो. या प्रगतीच्या इतिहासात भाऊ दाजींचे नाव एखाद्या तळटिपेपुरते येते. लेखसंशोधनाच्या इतिहासात मात्र ते मानाच्या पंक्तीत आहे.

अखेरीस अर्धांगवायूच्या विकाराने त्यांचे शरीर खचले. ३१ मे १८७४ रोजी त्यांनी इहलोक सोडला. त्या वेळी भगवानलाल त्यांच्याच कामासाठी नेपाळात लेख गोळा करीत हिंडत होते. त्यांची गुरुशिष्यांची अखेरची भेट झाली नाही. डॉक्टरांच्या मागे हस्तलिखितांचा मोठा संग्रह राहिला, तो मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्यांचे निबंधही त्यांच्या पश्चात इ. स. १८८८ मध्ये कलकत्त्यास एकत्र छापले गेले.

आपल्या तेरची गोष्ट

याच संदर्भात आपल्या जिल्ह्यातील एक गोष्ट आमच्या वाचकांस सांगितली पाहिजे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे व्यापारी नगर आहे व तेथून कापड भडोच बंदरास जाते, असे एका ग्रीक नाविकाने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी लिहून ठेवले. शिलाहार राजे स्वतःस तगरपुराचे अधीश्वर म्हणवीत. पण हे तगर कोठले? कोणी ते दौलताबाद म्हणत. वेरूळजवळचे रोजे असे बर्जेस यांनी मानले. डॉ. भांडारकरांनी धारूर सुचविले, आणि खुद्द भगवानलालांचे मत जुन्नर असे होते. शेवटी इ. स. १९०१ मध्ये डॉ. फ्लीट यांनी सर्व प्रमाणे मांडून तगर म्हणजे आपले तेर हे दाखवून दिले. पुढे तेथे सापडलेल्या वस्तूंनी त्यास पुष्टी मिळाली. त्या वस्तू कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने चालणाऱ्या तेरच्या संग्रहालयात आपण पाहू शकतो.

यात कोणाचा मान गेला नाही. भगवानलालांसारख्यांचे मत चुकले, पण ते आधारांसह लिहिलेले होते, म्हणून दुसऱ्यास ते तपासता आले, आणि लाभ आपल्या गावाचा झाला. गोरोबाकाकांच्या दर्शनास तेरला जाणारा यात्रेकरू किंवा आपल्या शहराजवळची धाराशिव लेणी पाहावयास आलेला प्रवासी आज जे ऐकतो, ते अशा तपासून घेतलेल्या ज्ञानावर उभे असले पाहिजे. पर्यटनाने जिल्ह्यास चार पैसे मिळावेत हे योग्यच आहे. परंतु भिंतीवर नावे खरडणारा प्रवासी आणि मनाला येईल ती कथा सांगणारा वाटाड्या या दोघांनी वास्तूचे सारखेच नुकसान होते.

उपसंहार

भाऊ दाजींच्या चरित्रातील तीन प्रसंग आम्ही वाचकांपुढे ठेवले. जे ज्ञान त्यांनी इतरांस तपासू दिले, ते चुकांसह टिकले व वाढले. जे औषध झाकून ठेवले, ते त्यांच्याबरोबर मागे पडले. आणि जो व्यवहार स्वतः तपासला नाही, त्याने त्यांची आयुष्याची कमाई नेली. आजही खेड्यापाड्यांतून नाव न सांगता पुड्या देणारे आहेत, आणि फिरत्या ध्वनीवर थोड्या दिवसांत दामदुप्पट करून देण्याचे संदेश घरोघर येतात. शेतीच्या किंवा निवृत्तीच्या पैशावर पाणी सोडलेली कुटुंबे आपल्या ओळखीत आहेत. औषधात काय आहे व योजनेचा हिशेब कोठे पाहावयास मिळेल, हे दोन प्रश्न विचारण्यात संकोच मानू नये. विचारणाऱ्यावर जो रागावतो, त्याच्यापासून दूर राहावे.

मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देतो. त्यांपैकी प्रत्येकाने, मग तो वैद्यकाचा असो, वाणिज्याचा असो वा पर्यटनाचा असो, आपल्या जिल्ह्यातील एका विषयावर स्वतः पाहून चार पृष्ठे लिहावी आणि ती वार्षिक मेळाव्यात सर्वांपुढे वाचावी. तेर, नळदुर्ग, परांडा, तुळजापूरची यात्रा, गावचा दवाखाना, बचतगटाचा हिशेब, असे विषय हाताशी आहेत. ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारावेत व लिहिणाऱ्याने उत्तरे द्यावीत. चूक निघाली तर ती पुढील वर्षी दुरुस्त करून पुन्हा वाचावी. पुढील मेळाव्यापासून हा उपक्रम सुरू झाल्यास पहिली चार पृष्ठे तपासून देण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू.